क्रिएटिनिन १.६ आलं, म्हणजे किडनी किती गेली?

तुमच्या पत्रातली माहिती आधी एका जागी मांडते. वडील ५८ वर्षांचे, परभणी जिल्ह्यात कोरडवाहू शेती. दहा वर्षांपासून शुगर, सहा वर्षांपासून बीपी. गोळ्या चालू: मेटफॉर्मिन, आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन व लघवीची गोळी एकत्र असलेली. मागच्या वर्षी मार्चमध्ये क्रिएटिनिन १.२ होतं. यंदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात ते १.६ आलं आणि युरिया ७८. लॅबच्या कागदावर दोन्ही आकडे ठळक अक्षरांत. एका पाहुण्याने सांगितलं की आता डायलिसिसची तयारी ठेवा, दुसऱ्याने रोज पाच लिटर पाणी प्यायला लावलं, तिसऱ्याने काढा देणाऱ्याचा पत्ता दिला. तुमचा प्रश्न एकच: किडनी किती टक्के गेली?

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता आणखी एक वाक्य लिहिलंय. त्याच आठवड्यात वडिलांना दोन दिवस जुलाब झाले होते, आणि गुडघे दुखतात म्हणून पंधरा दिवस ते मेडिकलवरून आणलेली गोळी घेत होते. मला सगळ्या पत्रात हेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

मी फिजिशियन आहे, बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी तेवीस वर्षं प्रॅक्टिस करते. वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे डॉक्टरांनी त्यांना दिलेली कोणती गोळी बंद करायची आणि कोणती चालू ठेवायची हे इथून सांगणार नाही. ते त्यांना समोर बसवून बघणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण कागदावरचा आकडा वाचायचा कसा, आणि त्यांच्याकडे जाताना कोणते प्रश्न घेऊन जायचे, हे नक्की सांगू शकते.

आजारपणाच्या दिवशी काढलेल्या एका आकड्यावरून टक्के सांगता येत नाहीत. कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. तुम्हाला खरं शोधायचंय ते वेगळंच आहे: हे बिघडणं नवं आहे की जुनं, भरून येणारं आहे की कायमचं, आणि किडनीची गाळणी गळतेय का. तिसऱ्या गोष्टीचं उत्तर तर क्रिएटिनिनमध्ये नसतंच. तिकडे पुढे येते.

क्रिएटिनिन येतं कुठून? आपल्या स्नायूंत क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो. जोर लागतो तेव्हा झटक्यात ताकद पुरवणं हे त्याचं काम. रोज त्यातला एक-दोन टक्के भाग आपोआप मोडतो आणि त्याचं क्रिएटिनिन होतं. शरीराला त्याचा काही उपयोग नसतो. ते रक्तात उतरतं, किडनीत गाळलं जातं आणि लघवीवाटे निघून जातं. ते स्वतः फारसं अपाय करत नाही. किडनीचं काम कसं चाललंय याची खूण म्हणून आपण ते मोजतो. म्हणून 'क्रिएटिनिन कमी करायचं औषध द्या' असं कुणी म्हणालं की मी पर्जन्यमापकाची आठवण करून देते. मापकात वरून तांब्याभर पाणी ओतलं म्हणून मंडळात पाऊस पडला असं होत नाही. आकडा हलवायचा नसतो, किडनी सांभाळायची असते.

आता शेतातला हौद डोळ्यांपुढे आणा. वरून नळ सारखा चालू आहे, खालच्या पाईपातून पाणी सारखं जातंय. जेवढं येतं तेवढं जातं, म्हणून पातळी एका खुणेवर थांबलेली. खालचा पाईप निम्मा तुंबला तर पातळी चढायला लागते, पण चढतच राहत नाही. पाणी वर आलं की दाब वाढतो आणि पुन्हा येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याची बरोबरी होते. रक्तात ही बरोबरी साधारण दुप्पट पातळीला होते, म्हणजे किडनीचं गाळण्याचं काम निम्म्यावर आलं की क्रिएटिनिन अंदाजे दुप्पट होतं.

या हौदातून बरंच कळतं. ज्याचं क्रिएटिनिन मुळात १ होतं त्याचं २ झालं, तर निम्मं काम गेलं. २ चं ४ झालं तर उरलेल्याचं निम्मं गेलं. पण ४ चं ५ झालं तेव्हा शंभरातले जेमतेम पाच गेले. लोक मात्र उलटं घाबरतात. ४ चं ५ झालं की घरात रडारड होते, आणि ०.८ चं १.३ झालं तर 'थोडंसंच वाढलंय, लॅबच्या हद्दीत आहे' म्हणून कागद कपाटात जातो. सगळ्यात मोठी घसरण या सुरुवातीच्या लहान आकड्यांत लपलेली असते आणि सांभाळायची संधीही तिथेच सगळ्यात जास्त असते. तुमच्या वडिलांचं १.२ चं १.६ होणं मी म्हणूनच गंभीरपणे घेते, आणि तरीही डायलिसिस हा शब्द इथे उच्चारायचं काही कारण मला दिसत नाही.

दुसरं, वरचा नळ प्रत्येकाचा सारखा नसतो. ज्याच्या अंगावर स्नायू जास्त, त्याचा नळ मोठा. दोन माणसं सांगते. २८ वर्षांचा एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे मैदानावर धावणं, संध्याकाळी जिम, वर क्रिएटिनची पावडर. आदल्या दिवशी मटणाचा बेत झालेला. क्रिएटिनिन १.४ आलं आणि आई-बाप हादरून आले. लघवी स्वच्छ, बीपी ठीक. पावडर बंद करून, आठवडाभर जड व्यायाम थांबवून, मटण न खाता पुन्हा तपासलं तेव्हा १.१ आलं. त्याच महिन्यात ६५ वर्षांच्या एक मावशी आल्या, अंगाने काटकुळ्या, वीस वर्षांची शुगर. त्यांचंही १.४. पण त्या शरीरात स्नायूच किती! त्यांच्या नळाला धार बारीक असूनही हौद तेवढाच भरलेला, म्हणजे खालचा पाईप बराच तुंबलेला. त्यांच्या किडनीच्या कामाचा आकडा (तो कसा काढतात ते लगेच सांगते) चाळीसच्या आसपास होता, मुलाचा पहिल्याच रिपोर्टवर सत्तरच्या घरात. आकडा एकच, अर्थ दोन.

हा फरक हिशेबात यावा म्हणून ईजीएफआर काढतात, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळते याचा अंदाज. त्यासाठी क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढंच लागतं. सध्या सीकेडी-ईपीआय २०२१ हे सूत्र वापरतात. मोबाईलवर कुठल्याही किडनी कॅल्क्युलेटरमध्ये घालून बघता येतं आणि बऱ्याच लॅब आता कागदावरच छापतात. तुमच्या वडिलांचा हिशेब मी केला. मागच्या वर्षीच्या १.२ ला साधारण ७०, यंदाच्या १.६ ला साधारण ५०. तरुण निरोगी माणसाचा हा आकडा ९० च्या वर असतो आणि वय वाढेल तसा हळूहळू उतरतो. ६० च्या खाली तीन महिने राहिला तर त्याला आम्ही किडनीचा जुनाट आजार म्हणतो, आणि १५ च्या खाली शेवटची पायरी. यातले 'तीन महिने' हे शब्द विसरू नका. तीन महिने व्हायच्या आत कुणाच्याही कपाळावर 'किडनी पेशंट' असा शिक्का मारायचा नसतो.

आणि या ५० वरही माझा भरवसा नाही, कारण हे सूत्र पातळी स्थिर असतानाच खरं बोलतं. हौद चढता किंवा उतरता असेल तेव्हा खुणेवरून पाईपाचा अंदाज चुकतो. किडनीला अचानक फटका बसला तर क्रिएटिनिन चढायला एक-दोन दिवस घेतं, आणि किडनी सावरली तरी उतरायला वेळ घेतं. तुमच्या वडिलांचं रक्त नेमकं अशाच चढउताराच्या आठवड्यात काढलेलं आहे.

त्या आठवड्यात काय झालं असावं, ते मला जसं दिसतं तसं सांगते. मे महिना, आपल्याकडे पारा ४२ च्या आसपास. खरिपाआधीची मशागत चालू, धसकटं वेचायची, बांध नीट करायचे. माणूस सकाळी सातला निघतो, तांब्याभर पाण्यावर बारापर्यंत उन्हात राहतो. त्यात जुलाब. अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही कमी. बीपीच्या गोळीतला लघवीचा भाग आणखी पाणी काढतोय. आणि वर गुडघ्यासाठी वेदनाशामक, बहुतेक डायक्लोफेनॅक किंवा एसीक्लोफेनॅक.

ठिबकचा फिल्टर तुम्हाला माहीत आहे. तो चालायचा तर आत दाब हवा. किडनीत असे लाखो बारीक फिल्टर असतात. प्रत्येकात एक नस रक्त आत आणते आणि दुसरी बाहेर नेते, आणि या दोन नसा ताणून-सैल करून शरीर आतला दाब राखतं. अंगात पाणी कमी पडलं की आत येणारी नस रुंद ठेवायची आणि बाहेर जाणारी आवळायची, म्हणजे कमी पाण्यातही दाब टिकतो. वेदनाशामक गोळी आत येणाऱ्या नसेला रुंद होऊ देत नाही. टेल्मिसार्टन बाहेरच्या नसेला आवळू देत नाही. वर लघवीची गोळी आणि जुलाब मूळ पाणीच घटवतात. मोटर मंद, आतला वॉल्व्ह अर्धा बंद, बाहेरचा सताड उघडा. फिल्टर फाटलेला नसतो, पण दाबाशिवाय तो गाळणार कसा?

यातली एकेक गोष्ट एकटी आली तर किडनी बहुतेक वेळा सांभाळून घेते. तिन्ही एकदम आल्या की तिला जागाच उरत नाही. आमच्या भागात हे मी दर उन्हाळ्यात बघते. ऊसतोडीवरून परतलेल्या एक बाई मला अजून आठवतात. 'कोणती गोळी घेता?' म्हणून विचारलं तर त्यांनी पदराची गाठ सोडली. आतून अर्धी पट्टी निघाली, घामाने मऊ झालेली, मागचं नाव पुसलेलं, चार घरं रिकामी. म्हणाल्या, 'ही घेतल्याबिगर कोयता उचलत न्हाई मॅडम.' पाच महिने रोज एक, कधी दोन. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच, भाकरीबरोबरची गोष्ट होती. त्यामुळे 'काही औषध चालू आहे का' असं विचारलं की लोक 'नाही' म्हणतात. मी आता 'अंगदुखीची, कणकणीची, मेडिकलवरची कोणती गोळी?' असं नाव घेऊनच विचारते. तुम्हीही वडिलांना तसंच विचारा, आणि रिकामी पट्टी सापडली तर डॉक्टरांकडे घेऊन जा.

तुमच्या पत्रातला युरियाचा आकडाही याच बाजूने बोलतो. खाल्लेल्या प्रथिनांचा कचरा म्हणजे युरिया, तो यकृतात तयार होतो. अंगात पाणी कमी पडलं की किडनी पाणी वाचवताना युरियाही परत आत ओढते, क्रिएटिनिन मात्र ओढत नाही. म्हणून पाणी कमी पडलेल्या माणसात युरिया क्रिएटिनिनपेक्षा जास्त उडी मारतो. ७८ ला १.६ ने भागलं तर ४८-४९ येतं. हा भागाकार साधारण ४०-४५ च्या वर गेला की मला पाण्याची शंका येते. ही शंकाच आहे, पुरावा नाही. पोटात रक्तस्राव होत असेल किंवा स्टिरॉइड चालू असेल तरी तो वाढतो. वडिलांना काळी, डांबरासारखी शौचाला होत असेल तर हे आजच डॉक्टरांना सांगा, कारण वेदनाशामकांनी पोटात जखमही होते. एक लहानशी गोष्ट: काही लॅब युरियाऐवजी बीयूएन छापतात. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया येतो. एका लॅबमध्ये १८ आणि दुसरीकडे ३९ बघून 'दुप्पट झालं' म्हणत लोक माझ्याकडे आलेत. ते दोन्ही आकडे एकच होते.

लॅबबद्दल थोडं. निरोगी माणसाचं क्रिएटिनिनही रोज थोडं इकडेतिकडे होतं, आणि यंत्रायंत्रात फरक असतो. बऱ्याच ठिकाणी अजून जाफे पद्धत वापरतात, १८८६ साली सापडलेल्या रंगाच्या अभिक्रियेवर आधारलेली. रक्तात किटोन वाढले असतील किंवा काही अँटिबायोटिक चालू असतील तर ती चुकू शकते. एन्झायमॅटिक पद्धत जास्त नेमकी. म्हणून १.२ चं १.३ झालं तर मी त्याला वाढ म्हणत नाही. १.२ चं १.६ ही मात्र खरी वाढ आहे, ती यंत्राच्या फरकात बसत नाही. शक्यतो पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये करा. काही औषधं, जसं ट्रायमेथोप्रिम असलेली सल्फाची गोळी किंवा फेनोफायब्रेट, किडनीच्या कामाला धक्का न लावताही क्रिएटिनिन वाढवतात. ती चालू असेल तर सांगायला विसरू नका.

इथपर्यंतचं एका वाक्यात सांगायचं तर १.६ हा आकडा खरा आहे, पण त्यातला किती भाग त्या आठवड्याचा आणि किती भाग दहा वर्षांच्या शुगरचा, हे अजून कळलेलं नाही. आता राहिलेल्या गोष्टीकडे येते. हे सगळं उत्तर मी तिच्यासाठीच लिहायला घेतलं.

तुम्ही पाच वर्षांचे रिपोर्ट लिहून पाठवलेत. शुगर आहे, एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर आहे, कोलेस्टेरॉल आहे, क्रिएटिनिन आहे. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी एकदाही नाही. दहा वर्षांची शुगर असलेल्या माणसाची ही तपासणी एकदाही झालेली नाही, याचं मला क्रिएटिनिनपेक्षा जास्त वाईट वाटतं. आणि हे तुमचं एकट्याचं नाही. माझ्याकडे नव्याने येणाऱ्या दहा जणांतल्या सात-आठ जणांच्या पिशवीत तो कागद नसतो.

अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन. चांगली गाळणी ते बाहेर जाऊ देत नाही. शुगर आणि बीपीने गाळणी जीर्ण व्हायला लागली की आधी ते थोडं थोडं झिरपतं, आणि हे क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं. तपासणीचं नाव एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण. सकाळच्या पहिल्या लघवीचा छोटा नमुना लागतो, सुई नाही, उपाशी राहणं नाही. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे झिरपायला लागलंय, ३०० च्या वर म्हणजे चांगलंच गळतंय. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशी अतिश्रम असतील तर आकडा उगाच वाढतो, म्हणून एकदा वाढलेला आला तर मी तीन महिन्यांत दोनदा पुन्हा बघते. साध्या लघवी तपासणीत 'अल्ब्युमिन निल' आलं म्हणून थांबू नका. सुरुवातीची गळती त्या तपासणीच्या पट्टीला दिसत नाही. मधुमेह दुसऱ्या प्रकारचा असेल, आणि आपल्याकडे बहुतेकांचा तोच असतो, तर ही तपासणी निदान झालं त्या दिवसापासून दरवर्षी व्हायला हवी.

एवढं का सांगते, तर ईजीएफआर ५५ असलेली दोन माणसं एसीआरमुळे अगदी वेगळ्या वाटेने जातात. एकाचं एसीआर १० असेल, तर बहुधा तो वर्षानुवर्षं तिथेच राहील आणि म्हातारपण नीट काढेल. दुसऱ्याचं ८०० असेल, तर त्याची घसरण वेगाने होण्याची भीती असते, आणि त्याच्यासाठी आज करण्यासारखं बरंच काही आहे. टेल्मिसार्टन ज्या गटातलं आहे त्या गटातल्या लोसार्टन आणि इर्बेसार्टनने मधुमेहींची किडनी जास्त टिकते हे २००१ सालीच दिसलं. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीनेही किडनी जास्त टिकते हे दाखवणारा मोठा अभ्यास आला, तो मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या दोन्हींत झाला होता. त्यानंतर आम्हा डॉक्टरांची प्रॅक्टिस खरोखर बदलली, आणि या गोळ्या आता आपल्याकडे सामान्य माणसाला परवडण्याजोग्या झाल्यात. या दोन्ही प्रकारच्या गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही धरूनच चालतो. तेवढ्यावर गोळी बंद केली तर नुकसान पेशंटचंच. म्हणून मघाशी मी टेल्मिसार्टनला त्या तिघांत ओढलं असलं तरी ते एरवी तुमच्या वडिलांच्या किडनीचं संरक्षणच करतं. जुलाब-उलट्यांच्या दोन-तीन दिवसांत ते, लघवीची गोळी आणि मेटफॉर्मिन थांबवायचं का आणि पुन्हा कधी सुरू करायचं, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. ऐन वेळी रात्री फोन लागत नाही.

आता पाहुण्यांचे सल्ले. पाच लिटर पाणी नको. पाणी कमी पडलं असेल तर ते भरून काढायचंच, जुलाबात ओआरएस द्यायचंच, उन्हात कामाला जाताना बाटली बरोबर हवीच. पण जीर्ण झालेली गाळणी पाणी ओतून नवी होत नाही, आणि किडनी किंवा हृदय अशक्त असेल तर तेच पाणी पायांत आणि छातीत साठतं. तहानेप्रमाणे, लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी पुरे.

काढ्याबद्दल मी आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी असं काही बोलत नाही. माझी हरकत बिनलेबल पुडीला आहे. आत काय आहे हे देणारा सांगत नसेल, तर ती किडनीच्या पेशंटच्या पोटात जाऊ नये. अशा पुड्यांत जड धातू सापडतात, कधी वेदनाशामक किंवा स्टिरॉइडही कुटून घातलेलं असतं.

आणि पथ्य. हे जरा थांबून वाचा. चार वर्षांपूर्वी एक काका आले, क्रिएटिनिन २.१. कुणीतरी डाळ, शेंगदाणे, दूध, सगळं बंद करायला लावलेलं. सहा महिने भात आणि पातळ भाजी. मग पुन्हा तपासलं तर १.८. घरात पेढे वाटले. माझ्याकडे आले तेव्हा सदरा खांद्यावरून ओघळत होता, दंडाला कातडी लोंबत होती. जुन्या कागदावर वजन ६१ किलो, माझ्या काट्यावर ५०. किडनी सुधारली नव्हती, वरचा नळच आटला होता. अशा वेळी सिस्टॅटिन सी नावाची तपासणी उपयोगी पडते, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये नमुना पाठवावा लागतो. काकांना पुन्हा वरण-भाकरीवर आणायला मला तीन महिने लागले, कारण त्यांना घास तोंडात घालायची भीती बसली होती. तुमच्या वडिलांची डाळ बंद करू नका. वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिनं या टप्प्यावर चालतात, आणि आपलं रोजचं भाकरी-वरणाचं जेवण बहुधा त्याच्या वर जातही नाही. कमी करायचं ते मीठ. ठेचा, लोणचं, पापड, खारे शेंगदाणे धरून दिवसाला एक सपाट चमचा, पाच ग्रॅमच्या आत. 'कमी सोडियमचं मीठ' मात्र आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि किडनी अशक्त असेल तर ते रक्तात साठतं.

मग आत्ता काय करायचं? वेदनाशामक आजपासून बंद. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, वरून लावायचं मलम, शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. दोन आठवडे थांबा, जुलाब गेलेले असू देत, आणि मग त्याच लॅबमध्ये क्रिएटिनिन, युरिया, सोडियम-पोटॅशियम, साधी लघवी तपासणी आणि एसीआर करा. पोटाची सोनोग्राफी एकदा हवी. किडनी साधारण ९ ते १२ सेंटिमीटर असते. ती आखडून लहान झालेली दिसली तर आजार जुना आहे हे कळतं, आणि वाढलेल्या प्रोस्टेटमुळे लघवी अडतेय का हेही त्यातच दिसतं. ५८ व्या वर्षी ते बघायलाच हवं. बीपी घरी मोजून लिहून ठेवा, मला ते १३० च्या आत आवडतं. जुने सगळे कागद तारखेप्रमाणे लावून एका पानावर क्रिएटिनिनचे आकडे ओळीने उतरवा. माझ्या टेबलावर पेशंटने कॅरीबॅग उलटी केली की मी आधी हेच करते. घडीवर फाटलेले सात-आठ कागद तारखेने मांडले की आजार कधी सुरू झाला, कोणत्या उन्हाळ्यात उडी मारली, हे बहुतेक वेळा तिथेच दिसतं.

थांबायचं कधी नाही, तेही सांगते. लघवी एकदम कमी झाली, पाय किंवा तोंड सुजलं, आडवं झाल्यावर दम लागला, उलट्या किंवा उचकी थांबेना, माणूस झोपाळल्यासारखा वागू लागला, तर दोन आठवडे नाही, त्याच दिवशी दवाखाना. डायलिसिस कधी लागतं हे क्रिएटिनिनच्या एका आकड्यावर ठरत नाही. या लक्षणांवर, पोटॅशियमवर, अंगात साठलेल्या पाण्यावर आणि रक्तातल्या आम्लावर ठरतं.

दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.२-१.३ वर आलं आणि एसीआर ३० च्या आत असेल, तर तो उन्हाळ्याचा आणि गोळीचा फटका होता असं मी म्हणेन. तरी तीन महिन्यांनी एकदा आणि मग दरवर्षी बघेन, कारण असा एक फटका खाल्लेली किडनी पुढच्या फटक्याला कच्ची असते. १.६ तसंच राहिलं किंवा एसीआर शेकड्यांत आलं, तर किडनीच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. शुगरवाल्याने डोळ्यांचा पडदाही तपासून घ्यावा, कारण डोळा आणि किडनी मधुमेहात बऱ्याचदा बरोबरीने बिघडतात. आणि आकडा १.६ च्या वर चढत असेल तर तीन महिन्यांची वाट बघू नका, आठवड्यात दाखवा.

एसीआरचा कागद हातात आला की दोन्ही तारखांचे आकडे, वडिलांचं वजन आणि त्या वेदनाशामक पट्टीवरचं नाव मला लिहून पाठवा. त्यानंतर टक्क्यांबद्दल बोलता येईल.